खळे, विमा आणि दवाखान्याचे दार

विमा म्हणजे काय, हे परभणीच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागेल असे आम्हांस वाटत नाही. २०१८ साली सोयाबीनच्या पीकविम्याची भरपाई मिळावी म्हणून जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी याच शहरात जिल्हाधिकारी कचेरीपुढे ठिय्या दिला होता. ती हकीकत पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या वादाचे मूळ कोठे होते? विम्याचे गणित मंडळाच्या किंवा तालुक्याच्या सरासरी उत्पन्नावर चालते. एका माणसाच्या शिवारात काय उगवले आणि काय जळाले, हे ते पाहत नाही. सरासरी बरी निघाली की ज्याचे सारे पीक गेले तोही कागदोपत्री सुखी ठरतो. यात कोणी लबाडी केली की नाही, हा निराळा प्रश्न आहे. विमा म्हटला की यादी आली, अटी आल्या, मर्यादा आली. कारण ज्या जोखमीला मर्यादा नाही तिचा हप्ता ठरवता येत नाही.

पिकाच्या भांडणाला निदान सवड असते. पंचनामा होतो, अर्ज होतात, मोर्चे निघतात. रात्री दोन वाजता पाणी द्यायला गेलेल्या ज्या गड्याला साप चावला, किंवा जी बाई बाळंतपणात अडली, तिच्यापाशी ती सवड नसते. तेव्हा प्रश्न असा की, अशा घटकेचा उपचार मिळणे न मिळणे हे विम्यावर अवलंबून ठेवावे काय? आमचे उत्तर आम्ही प्रथमच सांगून टाकतो: ठेवू नये. पण उत्तर देणे जितके सोपे तितका त्यामागचा इतिहास सोपा नाही, आणि विम्याचा पक्ष घेणारे सारेच काही निर्दय लोक नव्हेत. म्हणून तो इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

गोदावरीच्या या खोऱ्यात यादवांचे राज्य होते तेव्हापासून आरंभ करू. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची देवळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हेमाडपंताचे नाव नवे नाही. हा हेमाद्री देवगिरीच्या दरबारात श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा आणि हिशेबाचा मुख्य होता. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याने टीका लिहिली, आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या आपल्या प्रचंड ग्रंथाच्या दानखंडात आरोग्यदानाचा विचार केला. नंदिपुराणाच्या आधारे तो असे सांगतो की, धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चारांचेही साधन आरोग्य असल्यामुळे ज्याने आरोग्य दिले त्याने सर्व काही दिले. म्हणून औषधांनी आणि जाणत्या वैद्यांनी युक्त अशी आरोग्यशाला बांधून द्यावी. हिशेबखात्याच्या मुख्याने रोग्याच्या खात्यावर काही मांडून ठेवावे असे म्हटले नाही, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. दान हे देणाऱ्याचे पुण्य होते. घेणाऱ्याचा तो हक्क नव्हता. दाता आटला की शाला ओस पडे, आणि तिच्या उंबऱ्याच्या आत कोणाला घ्यावे, हेही देणाऱ्याचा समाजच ठरवी.

खेड्यापाड्यांतील माणसांचे काम या शालांवर चालत नव्हते. तेथे निराळी व्यवस्था होती, आणि ती विम्याच्या पुष्कळ जवळची होती असे आमचे मत आहे. बलुत्याची रीत पाहा. सुताराने वर्षात औताला किती वेळा हात लावला याची मोजदाद कोणी करीत नसे. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा त्याला मिळे. न्हावी श्मश्रू करी, प्रसंगी गळूही फोडी. त्याचे मोल त्याच वाट्यात आले. वर्षातून एकदा धान्य द्यावे आणि गरज पडेल तेव्हा सेवा घ्यावी, हे हप्त्याचेच तत्त्व झाले. बारा बलुत्यांच्या प्रचलित यादीत वैद्य मात्र आढळत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. या रीतीची थोरवी गाणारे लोक तिची दुसरी बाजू झाकून ठेवतात. ज्याला जमीन होती त्याचे खळे होते, आणि ज्याचे खळे होते त्याला सेवा होती. ज्याला खळेच नव्हते, किंवा ज्याला गावकुसाबाहेर ठेवले होते, त्याच्या दाराशी कोण येणार? वर्गणीवर उभारलेल्या प्रत्येक व्यवस्थेला, मग ती धान्याची असो की रुपयांची, हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडलेला दिसतो.

युरोपात तो असाच पडला. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची, एक तृतीयांश मालकाची. इंग्लंडात लॉइड जॉर्जने १९११ साली तशीच योजना आणली. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन, असा तिचा आठवड्याचा हिशेब होता. या कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला. त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळाला नाही, कारण वर्गणी त्यांची नव्हती. एकाच घरात, एकाच साथीत, बापाला औषध मोफत आणि पोराला विकत! सदतीस वर्षे ही स्थिती चालली. ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन याच्या खटपटीने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तीत वर्गणीचा पुरावा दारात मागण्याचे बंद झाले आणि खर्चाचा मोठा भार सर्वसाधारण करांवर आला. विम्याच्या मायदेशांपैकी एकाने विम्याची अट सोडली ती अशी अनुभवाने सोडली. कोणा साधूच्या उपदेशाने ती सुटली नाही.

आपल्याकडे याच सुमारास दोन वाटा एकदम फुटल्या होत्या, आणि मौज अशी की दोन्ही वाटा दाखवणारे मराठी आडनावाचे होते. प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना सरकारला सादर केली. दुसरीकडे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचाराला मुकू नये, हे भोर समितीचे पहिले सूत्र होते. सेवा सर्वांना मोफत असावी आणि ज्यांची ऐपत आहे त्यांच्याकडून करांच्या रूपाने वसूल करावे, असा तिचा कौल होता. स्वातंत्र्यानंतर दोन्ही वाटांनी थोडेथोडे जाण्याचे ठरले. भोर समितीच्या वाटेने प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. आडारकरांच्या वाटेने कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली मंजूर झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरास त्याचा आरंभ झाला, आणि १९५४ साली तो नागपुरात व मुंबईत पोचला.

परभणीला या कायद्याचे काय मिळाले? कायदा मंजूर झाला तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती मोकळी झाली. पण मोकळी झाल्यावरही हा विमा तिच्या वाट्याला फारसा येणे शक्य नव्हते, आणि त्याचे कारण कायद्याच्या व्याख्येतच आहे. हंगामी कारखाने या कायद्यातून वगळले गेले. आणि हंगामी कारखाने कोणते, तर सरकी काढण्याचे, कापसाच्या गाठी बांधण्याचे, भुईमूग फोडण्याचे, साखरेचे आणि गुळाचे. मानवत, सेलू, परभणी या कापसाच्या पेठा. येथील काळ्या मातीतून जे कारखाने उगवले ते जवळजवळ नावानिशी बाहेर ठेवलेले! मग शेतमजुराची गोष्टच नको. कानपूरच्या गिरणी कामगारासाठी बेतलेला अंगरखा मानवतच्या जिनिंगमधल्या मजुराला आला नाही यात नवल नाही. कारण ज्याची मजुरी वर्षभर आणि वहीवर नाही त्याची वर्गणी कापता येत नाही, आणि वर्गणी कापता येत नाही तो विम्याच्या दृष्टीने जगातच नसतो.

खळ्याची जुनी रीत आणि नवा विमा यांची गाठ घालण्याचा एक प्रयत्न महाराष्ट्रात झाला, तो येथे थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. १९८०च्या आसपास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी यांनी भोवतालच्या खेड्यांत ज्वारीची विमा योजना सुरू केली. सुगीला गावातील घरांनी ज्वारी द्यायची. जमीनवाल्याने अधिक, भूमिहीनाने कमी. गावातील बहुसंख्य घरे सामील झाल्याशिवाय योजना त्या गावाला लागू होत नसे, म्हणून केवळ आजारी माणसानेच वर्गणी भरावी आणि धडधाकटाने दूर राहावे, हा विम्याचा नेहमीचा रोग टळला. यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आम्हांस वाटते ती अशी की, अचानक आलेले दुखणे आणि आधी कळणारे दुखणे यांत त्यांनी भेद केला. मोतीबिंदू किंवा नेहमीचे बाळंतपण यांसाठी खर्चाचा काही भाग रोग्याकडून घेत. अकस्मात आजाराला मात्र काही घेत नसत. ज्वारी ही परभणीच्याही घराघरांतली वस्तू आहे. येथील कृषी विद्यापीठाने काढलेल्या रब्बी ज्वारीच्या एका वाणाला परभणी मोती असे नावच आहे. पण सेवाग्रामची ती रीत येथे उचलून आणता आली असती, असे म्हणणे घाईचे होईल. तिच्या मागे मोठे रुग्णालय सरकारी अनुदानावर उभे होते. ज्वारीच्या राशीवर शस्त्रक्रियागृह चालत नव्हते. ज्वारीने गावाचा रुग्णालयाशी नातेसंबंध जोडला, आणि रुग्णालयाला गावापुढे जबाब द्यायला लावला. उपचाराचा मुख्य पैसा तिजोरीतून आला.

हे चालू असतानाच प्रश्न न्यायालयांपुढे गेला. दिल्लीकडील एका प्रकरणात, अपघातात सापडलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही; पोलीस प्रकरण आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या, असे सांगितले, आणि तो वाटेत मेला. परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निकाल दिला की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याचे कर्तव्य आहे, आणि कोणताही कागदी सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाही. पुढे बंगालमधील एक शेतमजूर १९९२ साली आगगाडीतून पडला. कलकत्त्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत लावले. कोठे खाट नाही, कोठे यंत्र नाही. अखेर खासगी रुग्णालयात सुमारे सतरा हजार रुपये मोजावे लागले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला पंचवीस हजारांची भरपाई देवविली आणि सांगितले की वेळेवर उपचार देणे ही घटनेच्या एकविसाव्या कलमाखालची राज्याची जबाबदारी आहे. पैसा नाही ही सबब चालणार नाही.

अमेरिकेसारख्या देशातही, जेथे सारे वैद्यक विम्याच्या खांबावर उभे आहे, १९८६ साली असाच कायदा करावा लागला: तातडीचा रोगी दाराशी आला की विमा असो वा नसो, आधी तपासा आणि प्रकृती स्थिर करा. मात्र कायद्याने पैसा दिला नाही, आणि बिल मागाहून घरी येऊ लागले. येथेच विम्याच्या पक्षाचे खरे बळ आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. गंगाखेड किंवा जिंतूर येथे दहा-पंधरा खाटांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर काय करील? न्यायालय त्याला म्हणते, घे. परिचारिकेचा पगार, प्राणवायूचा खर्च, यंत्राच्या कर्जाचा हप्ता त्याला कोण देणार हे न्यायालय सांगत नाही. फुकटचे कर्तव्य चार वेळा पार पाडून पाचव्या वेळी तो, ‘पेशंट गंभीर आहे, परभणीला न्या’, असे सांगू लागला तर त्याला नुसते दुष्ट म्हणून चालणार नाही. विमा निदान त्याचा पैसा देण्याचे वचन देतो.

महाराष्ट्राने हे वचन २०१२ साली दिले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, आणि ठरावीक ९७१ उपचारांसाठी. त्या आठांत नांदेड होता, परभणी नव्हती. म्हणजे २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर लागू होईपर्यंत, पूर्णेच्या पलीकडच्या शिवारातला माणूस जिल्हा नांदेड म्हणून आत आणि अलीकडचा जिल्हा परभणी म्हणून बाहेर, असा सोळा महिन्यांचा काळ गेला. पुढे चौदा आपत्तिग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही योजनेत घेतले गेले. त्यांत परभणी होती. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० पासून केंद्राच्या योजनेशी तिची जोड झाली, आणि जुलै २०२३च्या निर्णयाने, जो २०२४ साली अमलात आला, राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांना पाच लाखांचे संरक्षण मिळाले. या योजनांनी हजारो गरिबांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि एरवी ज्यासाठी जमीन गहाण पडली असती ते काम शिधापत्रिकेवर झाले. जो कोणी हे नाकारील त्याने खेड्यांत थोडे हिंडून यावे.

मग सर्वांनाच विमा मिळाला, प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. तातडीच्या रोग्याला दूरध्वनीवर मंजुरी घेऊन दाखल करावे, कागद मागाहून द्यावेत, अशी सोय या योजनेत आहे हे खरे. पण ती सोय योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच. जवळचा दवाखाना नोंदलेला नसेल तर पहिला तास रस्त्यावरच जातो. दुखणे यादीत आहे की नाही, हे निदान झाल्यावर कळते. आणि निदान होण्यापूर्वीच जे उपचार करायचे त्यांनाच तर तातडीचे म्हणतात! शिवाय जिंतूर, सोनपेठ, पालम, गंगाखेड या भागांतून ऊसतोडीला जाणारी माणसे सहा-सहा महिने परजिल्ह्यांत, पुष्कळदा कर्नाटकातही असतात. तेथे फडावर बाई अडली तर शिधापत्रिका गावी पेटीत असते.

परभणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मराठवाड्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला झाले, मग १९७०च्या दशकात अंबाजोगाईस, १९८८ साली नांदेडला. परभणीला ते २०२३ साली आले. तोवर गंभीर रोगी म्हणजे जिल्ह्याबाहेरचा प्रवास हे ठरलेले. विम्याचा कागद कितीही लाखांचा असला, तरी त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर कमी होत नाही आणि तालुक्याला भूलतज्ज्ञ उगवत नाही. या दृष्टीने पाहता, २६ जानेवारी २०१४ पासून ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आम्हांला कोणत्याही विम्यापेक्षा मोठी वाटते. ती हाकेवर निघते. वर्गणी, शिधापत्रिका, जिल्हा, काहीच विचारीत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क रद्द झाले, तेही याच जातीचे काम.

सरकारलाच विम्याचा कंटाळा कसा येतो याचे एक उदाहरण शेतकऱ्याच्याच घरातले आहे. शेतकरी अपघातात दगावला, त्यात सर्पदंशही आला, तर वारसांना दोन लाख रुपये देणारी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना वर्षानुवर्षे विमा कंपन्यांमार्फत चालली. दावे रखडतात, त्रुटी काढून नाकारले जातात, असा अनुभव आल्यावर २०२३ साली सरकारने कंपन्यांना बाजूला सारून सानुग्रह अनुदान स्वतः देण्याचे ठरवले. मेलेल्याच्या वारसासाठी सरकारने मधला विमा काढून टाकला. जिवंत माणसाच्या पहिल्या तासासाठीही तो काढून टाकण्यास कोणती हरकत आहे, हे आम्हांला कोणी सांगितलेले नाही.

किंबहुना अर्धी वाट सरकारने चालूनही टाकली आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातांसाठी नवी योजना जाहीर केली: अपघात कोणाचाही असो, सात दिवसांपर्यंत आणि दीड लाखापर्यंत उपचार रोकड न मागता व्हावेत, आणि रुग्णालयाला पैसा निधीतून मिळावा. जखमीने कोणताही हप्ता भरलेला असण्याची गरज नाही. न्यायालयाने कर्तव्य सांगितले होते पण पैसा दिला नव्हता. विम्याने पैसा दिला होता पण अट घातली होती. येथे प्रथमच कर्तव्य आणि पैसा एकत्र आले. पण आले ते फक्त रस्त्यावर. गंगाखेड रस्त्यावर मोटारीखाली सापडलेला माणूस या योजनेत बसतो. त्याच रस्त्यालगतच्या शेतात, दोन फर्लांगांवर, सापाने चावलेला किंवा मळणीयंत्रात हात गेलेला माणूस बसत नाही. दोघांना नेणारी १०८ एकच आणि दार एकच. एकाची फाइल निधीकडे जाते. दुसऱ्याच्या भावाला राशनकार्ड आणायला माघारी गावाकडे पाठवतात.

ही दुसरी फाइलही त्याच निधीकडे जावी, एवढीच आमची मागणी आहे. पहिल्या सात दिवसांचा खर्च, दुखणे कोणतेही असो, निधीतून व्हावा; त्यानंतरच्या शस्त्रक्रियेला आणि दीर्घ आजाराला विमा जरूर लागू करावा, आणि तेथे त्याचे नियमही चालतील. यासाठी लागणारा पैसा कोणत्या करातून यावा, याविषयी प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत किंवा विधानसभेत हा विषय कोणी काढला, तर आधी विचारण्याजोगा प्रश्न असा की, सेलू, पाथरी, पूर्णा आणि पालम येथे रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ, रक्त आणि सर्पदंशाची लस यांतले काय काय हजर असते; कारण निधी मिळाला तरी तो खर्च होण्यासाठी तेथे कोणीतरी जागे असावे लागते.